पेन्सिलीची नोंद आणि सर्व्हर : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या महसुली दप्तराच्या अनुषंगाने

हस्तलिखित दप्तराच्या काळात तलाठी जमिनीचा फेरफार कसा नोंदवीत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक बारकावा आठवत असेल. खरेदी, वारसा, वाटणी किंवा बोजा यांपैकी कोणत्याही कारणाने हक्कात बदल झाला, की तलाठी प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडी व तीत पुढचा अनुक्रमांक घालून मजकूर लिही. त्यानंतर सातबारावर नवे नाव चढे. पण ते पेन्सिलीने. चावडीवर नोटीस लागे, हितसंबंधितांना लेखी सूचना जाई आणि हरकतीची मुदत संपली, की मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करी. मगच पेन्सिलीच्या नावावर शाई फिरे, जुन्या नावाला कंस पडे आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. नोंद नामंजूर झाली तर पेन्सिलीचे नाव पुसले जाई. फेरफाराच्या वहीतील ओळ मात्र पुसली जात नसे. ‘नामंजूर’ असा शेरा घेऊन ती तेथेच राही.

संगणकशास्त्रात हीच शिस्त ‘ट्रान्झॅक्शन’ या नावाने शिकविली जाते. बदल प्रथम नोंदपत्रात लिहावा, मग मूळ तक्त्यात. बदल एक तर पूर्णपणे व्हावा किंवा मुळीच होऊ नये. अर्धवट अवस्था इतरांना पक्की म्हणून दिसू नये. आणि एकदा पक्का झालेला बदल यंत्र बंद पडले तरी हरवू नये. जिम ग्रे यांनी १९७० नंतरच्या दशकात व पुढे १९८१ च्या निबंधात या कल्पनेची मांडणी केली. ग्रे यांनी तलाठ्याचे दप्तर पाहिले नव्हते, आणि तलाठ्यांनी ग्रे वाचले नव्हते, हे सांगावयास नकोच. तथापि महाराष्ट्रात जेव्हा जमिनीच्या नोंदींसाठी विखुरलेल्या कचेऱ्यांना जोडणारी संगणकप्रणाली रचावयाची वेळ आली, तेव्हा या दोन परंपरांची गाठ पडली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की प्रारंभीच्या संगणकीकरणाने सातबारा हा मूळ अभिलेख मानला आणि फेरफाराच्या वहीस दुय्यम स्थान दिले. ही चूक तांत्रिक नसून ऐतिहासिक होती, व ती दुरुस्त करता करताच प्रणाली रचणारे आपली विद्या खऱ्या अर्थाने शिकले.

विवेचनासाठी जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके घेतले आहेत. दोहोंचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांत, महादेव कोळी व अन्य आदिवासींच्या वस्तीचा. पूर्व भाग कुकडी व घोड नद्यांच्या पाण्याखालचा, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठांचा आणि पुणे-नाशिक रस्त्याचा. पश्चिमेस एका सातबारावर पिढ्यान्‌पिढ्यांचे सहहिस्सेदार साचलेले असतात. पूर्वेस जमिनीचा भाव चढल्याने खरेदी-विक्री, कर्जबोजे व तुकडे यांची वर्दळ असते. एकाच प्रणालीला ही दोन्ही प्रकारची गावे सांभाळावी लागतात.

जमिनीच्या हक्काची नोंद ठेवण्याची प्रथा या प्रदेशात किती जुनी आहे, हे जुन्नरच्या लेण्यांवरून कळते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील येथील ब्राह्मी लेखांत निवर्तनांत मोजलेल्या शेतांची दाने व श्रेणींकडे ठेवलेल्या अक्षयनिधींचे उल्लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची व कांसारांची श्रेणी यांत भेटते. शेत एकीकडे, त्याचे उत्पन्न सांभाळणारी श्रेणी दुसरीकडे आणि दानाचा लेख तिसरीकडे, डोंगरातल्या खडकावर. यावरून फार मोठे अनुमान काढू नये. परंतु व्यवहार एके ठिकाणी व त्याचा पुरावा दुसरीकडे ही अवस्था येथे नवी नाही, एवढे निश्चित.

मराठेशाहीतील दप्तराची रचना आपल्या विषयास अधिक जवळची आहे. गावाचे कागद कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे व हुजूरचे फडणिसाच्या दप्तरात असत. वतनाचा तंटा उभा राहिला, की गोतसभेपुढे साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि निरनिराळ्या दप्तरांतील नोंदी ताडून पाहिल्या जात. एकच माहिती तीन ठिकाणी ठेवण्यात पुनरुक्ती होती खरी, पण तीत संरक्षणही होते. कारण एका दप्तरात खाडाखोड करणारास उरलेली दोन आपल्या हाताखाली असतीलच असे नव्हते. उलटपक्षी, तिन्ही दप्तरे एका वेळी अद्ययावत नसत. गावात झालेला बदल हुजुरात पोहोचावयास वर्ष लागे, व मधल्या काळात कोणती नोंद खरी हा प्रश्न उरे. आजचे विद्यार्थी ज्याला प्रतींमधील सुसंगतीचा प्रश्न म्हणतात, तो हाच. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशनने वतने-इनामे तपासली तेव्हा याच दप्तरांच्या ताडणीवर अनेक घराण्यांचे भवितव्य ठरले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमालांकडे केवळ राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहणारांनी हेही ध्यानात घ्यावे.

ब्रिटिश जमाबंदीचा आरंभ पुणे जिल्ह्यातच झाला, आणि तोही अपयशाने. प्रिंगल यांनी १८२७ नंतर केलेली पाहणी सिद्धांताच्या दृष्टीने अत्यंत कसोशीची होती. प्रत्येक शेताच्या निव्वळ उत्पन्नाचे गणित तीत मांडले होते. परंतु ते गणित ज्या हाताखालच्या नोकरांनी भरावयाचे त्यांना ना त्याची समज होती, ना त्यांच्यावर पुरेशी देखरेख. आकारणी कोलमडली व शेते पडीक राहिली. पुढे १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सोपी पद्धत घातली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती स्थिर झाली. आज्ञावली रचणाऱ्या विद्यार्थ्यास प्रिंगलची हकिगत मी आवर्जून सांगतो, कारण ज्या प्रणालीत माहिती भरणाऱ्याचा विचार झालेला नाही ती प्रणाली कागदावर कितीही नेटकी असली तरी चालत नाही, हे तीत उघड दिसते.

सर्व्हे सेटलमेंटच्या नोंदींत सारा कोण भरतो ते होते. हक्क कोणाचा, गहाण कोणाकडे, कूळ कोण, हे नव्हते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यावरून या उणिवेची किंमत कळते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. १९१३ मध्ये त्यातील तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाल्या. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने त्या पुढे चालविल्या. संहितेच्या कलम १४९ अन्वये हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावयाची असते. कलम १५० मध्ये फेरफार नोंदविण्याची, हरकतीची व प्रमाणनाची रीत आहे. आणि कलम १५७ अन्वये प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. नोंद हा हक्क नव्हे, हक्काचे गृहीत आहे. पण गरीब खातेदाराला कोर्टाची पायरी चढणे परवडत नसल्याने व्यवहारात ते गृहीतच हक्काइतके भारी ठरते. बँकेचे पीककर्ज, धरणाचा वा रस्त्याचा मोबदला, खताच्या सवलती, सर्व काही सातबारावरील नावाकडे जाते.

गावच्या हिशेबाचे नमुने, एक ते एकवीस, हे अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध आहेत. या नमुन्यांचा परस्परसंबंध कोणत्याही संगणकीय माहितीसाठ्याच्या आराखड्याइतका विचारपूर्वक बसविलेला आहे. नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आल्याने ‘सातबारा’. आठ-अ मध्ये तीच माहिती खातेदाराच्या नावाने फिरवून मांडलेली. सहा-अ मध्ये हरकतीची प्रकरणे, सहा-क मध्ये वारसांची. आणि या सर्वांच्या मुळाशी नमुना सहा. सातबारावरील प्रत्येक नावाच्या शेजारी वर्तुळातला क्रमांक असतो, तो वाचकाला सहाच्या वहीत पाठवितो; तेथील मजकूर त्यामागील दस्ताकडे. म्हणजे सातबारा हा परिणाम होय; कारण फेरफारात आहे. सर्व फेरफार क्रमाने लावले तर सातबारा पुन्हा तयार करता येतो. सातबाऱ्यावरून फेरफार तयार करता येत नाहीत.

मात्र हे सारे एका कचेरीत नव्हते. दस्त दुय्यम निबंधकाकडे, १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली. नकाशा व मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे. हक्काची नोंद तलाठ्याकडे, म्हणजे महसूल खात्यात. निबंधकाने नोंदलेल्या दस्ताची वर्दी तलाठ्यास पाठवावी असे कलम १५४ सांगते. पण ती वर्दी कागदाने जाई व कागदाच्या गतीने पोहोचे. मधल्या आठवड्यांत, कधी महिन्यांत, सातबारावर विकणाराचेच नाव असे. त्याच उताऱ्याच्या बळावर तीच जमीन दुसऱ्यास विकणे किंवा तीवर कर्ज काढणे अशक्य नव्हते. अनेक दिवाणी दाव्यांचे मूळ या अंतरात आहे. विखुरलेल्या प्रणालीचा सर्वांत जुना प्रश्न हा, की दोन कचेऱ्यांत एकच घटना एका वेळी खरी कशी करावी. आणि खरेदीदाराची आयुष्याची पुंजी त्या उत्तरावर अवलंबून असते.

संगणकाचा प्रवेश येथे झाला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला होता. त्याच सुमारास पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले (१९८८) आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्र तेथे आले. देवनागरीत नाव भरता येऊ लागले, तेव्हाच सातबारा यंत्रात जाणे शक्य झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने आज्ञावल्या रचल्या. तालुक्याच्या कचेरीत संगणक आले. जुने उतारे पाहून माहिती भरण्याचे प्रचंड काम झाले. परंतु भरले काय? तर त्या दिवशीचा सातबारा. ज्याच्या हातात उतारा आला त्याने तो जसा वाचला तसा. कंसातले नाव कधी कंसाबाहेर आले, कधी गळाले. गुंठ्यांचे आर करताना क्षेत्र सरकले. पेन्सिलीची नोंद पक्की समजली गेली किंवा मुळीच घेतली गेली नाही. आणि हस्तलिखित वही तलाठ्याकडे चालूच राहिली. एका गावाचे दोन सातबारे झाले, दोन्ही सरकारी. मराठेशाहीतील तीन दप्तरांची अडचण पुन्हा उभी राहिली. त्यांतील परस्परताडणीची सोय तेवढी नव्हती.

या टप्प्यावर प्रणाली रचणाऱ्यांची पिढी कशी घडत होती, हे पाहणे अगत्याचे आहे. पुण्यात सी-डॅकच्या प्रशिक्षण शाळेतील पदविका, विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग व संलग्न महाविद्यालये यांतून १९९० नंतर हजारो तरुण बाहेर पडले; जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांतूनही कालांतराने हे विषय शिकविले जाऊ लागले. त्यांच्या अभ्यासात कॉड यांचा १९७० चा संबंधाधिष्ठित माहितीसाठा, लँपोर्ट यांचा १९७८ चा घटनाक्रमावरील निबंध, १९८४ मधील दूरस्थ कार्यवाहनाची कल्पना, १९९१ चे कॉर्बा, १९९७ च्या सुमाराचे जावा सर्व्हलेट व १९९९ चे जे-टू-ईई हे टप्पे येत. प्रत्यक्ष वर्गात मात्र बहुधा एका दुकानाचा किंवा ग्रंथालयाचा नमुना घेऊन सर्व्हरवरील आज्ञावली लिहविली जाते : ग्राहक मागणी करतो, साठा कमी होतो, पावती निघते. दुकानाच्या उदाहरणात हरकत घेणारा कोणी नसतो. मेलेल्या ग्राहकाचे वारस तेथे भांडत नाहीत, आणि शंभर वर्षांपूर्वीची पावती कोणी मागत नाही. आमच्या मते हे शिक्षणातले मोठे वैगुण्य आहे. विद्यार्थी यंत्रणेची अंगे शिकतो, पण ती कशासाठी आहेत ते त्याला जाणवत नाही.

दुसरा शिकणारा म्हणजे तलाठी. २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने शासकीय नोकरांना संगणक हाताळण्यास शिकविले. परंतु प्रणालीला त्याच्याकडून हवे होते ते निराळेच. फेरफाराचा कोणता प्रकार निवडावा, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचे नाव कमी झाले तर पुढे काय, बोजा कोणत्या रकान्यात, हे ज्ञान त्याच्याकडे होते आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे नव्हते. पुस्तकांत नसलेले हे ज्ञान आज्ञावलीच्या भाषेत उतरविणे हाच या कार्याचा खरा अभ्यासक्रम होता. त्याचा इतिहास कोणत्याही संस्थेच्या पाठ्यक्रमात सापडणार नाही.

२००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर, जो २०१६ पासून डिजिटल इंडियाच्या नावाने पुढे चालला, महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ प्रणाली आली. तिची दिशा नावातच आहे : सातबारा नव्हे, फेरफार. तालुक्यातालुक्यांतील साठे राज्याच्या माहिती केंद्रात नेण्यात आले. दस्तनोंदणीची ‘आय-सरिता’ प्रणाली तिला जोडण्यात आली, जेणेकरून दस्त नोंदला जाताच त्याची वर्दी महसूल खात्यात आपोआप पोहोचावी. तलाठी नोंद घेतो, मुदत जाते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि तेव्हाच सातबारा बदलतो. पेन्सिल परत आली, असे म्हणता येईल. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रणालीने २००० च्या सुमारास हेच तत्त्व निराळ्या मार्गाने धरले होते; अर्ज आला त्या क्रमानेच निकाली काढावा आणि नोंद घेणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवावी, असे तेथे ठरविले होते.

सर्व्हरच्या बाजूस नियम का ठेवावयाचे, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके दुकानाच्या उदाहरणावरून होत नाही. आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी खातेदाराची जमीन संहितेच्या कलम ३६ व १९७४ मध्ये घातलेल्या ३६-अ अन्वये पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीसही तशाच मर्यादा आहेत. हा नियम तलाठ्यासमोरच्या पडद्यावर तपासला तर तो पडदा बदलणारा किंवा वगळणारा मार्ग कोणी ना कोणी काढील. विनंती कोठूनही येवो, ती साठ्यास भिडण्यापूर्वी जेथे अडविली जाते तेथेच नियमाला अर्थ असतो. कोणी काय करावे याचीही वाटणी तेथेच : नोंद घेणारा व प्रमाणित करणारा एक नसावा. ही वाटणी संगणकाने शोधलेली नाही. संहितेने अव्वल कारकुनाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्यास प्रमाणनाचा अधिकार दिला नाही, त्यामागे हाच हेतू होता.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, विखुरलेल्या प्रणालीचे अगदी वेगळे उदाहरण उभे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. १४ मध्यवर्ती क्षेत्रात व १६ तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटर अंतरात पसरलेल्या. प्रकाशतंतूंच्या तारांनी त्या एका नियंत्रणगृहाशी जोडल्या आहेत. पुढील सुधारणांच्या काळात तिच्या नियंत्रणासाठी कॉर्बावर आधारलेली टँगो ही वितरित चौकट स्वीकारली गेली. दोन्ही प्रणाल्यांची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. दुर्बिणीत सर्व काही वेळेवर अवलंबून आहे. आकाशातून आलेला क्षण गेला तर गेला, एखादी ॲन्टेना बंद पडली तर उरलेल्यांवर काम चालते. फेरफाराला पंधरा दिवस थांबता येते, पण एकही नोंद गळून चालत नाही. आणि तारा आपल्या नोंदीवर हरकत घेत नाही.

जाळ्याविषयी दोन शब्द. पीटर डॉइच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर वितरित प्रणाली रचणाऱ्यांच्या भ्रमांची एक यादी केली. पहिला भ्रम असा, की जाळे भरवशाचे असते. भीमाशंकरच्या उतारावरील सजात पावसाळ्यात काम करणाऱ्याला हे कोणी समजावून सांगावयास नको. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग तलाठी कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला, की मराठीच्या अभ्यासकांनीही त्याची नोंद घ्यावी. तलाठ्याने कळ दाबली, उत्तर आले नाही. त्याने पुन्हा दाबली. आता फेरफार एक झाला की दोन? येथे वहीच्या अनुक्रमांकाची गोष्ट फार बोधप्रद आहे. माहितीसाठ्याची बहुतेक साधने आपोआप क्रमांक देतात, परंतु व्यवहार मध्येच फसला तर तो क्रमांक वाया जातो व मालिकेत खंड पडतो. साधन बनविणारास त्याचे काही वाटत नाही. फेरफाराच्या वहीत खंड चालत नाही. मधला क्रमांक नसेल तर पान फाडले असा संशय येतो, आणि तो संशय रास्तच असतो. तेव्हा क्रमांक केव्हा द्यावयाचा, तो कोणी द्यावयाचा आणि तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ती ओळखावयाची कशी, हे प्रश्न गावाच्या वहीने विचारलेले आहेत. त्यांची उत्तरे देता आली, की विद्यार्थ्याचा निम्मा अभ्यास झाला.

जुन्या भरणीतील चुकांचे काय करावयाचे, हा सर्वांत अवघड भाग ठरला. ई-फेरफारने पुढील बदल शिस्तीत बांधले. पण ज्या पायावर ते चढावयाचे तो सातबाराच सदोष. तेव्हा हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून दुरुस्त्या करण्यासाठी ‘एडिट मॉड्यूल’ व नंतर ‘री-एडिट मॉड्यूल’ देण्यात आले. २०१७ साली राज्यभर चावडीवाचन झाले. गावकऱ्यांसमोर संगणकातील सातबारा मोठ्याने वाचावयाचा व ज्याचे नाव चुकले त्याने तेथेच सांगावयाचे. ज्यांनी गोतसभेचे महजर वाचले आहेत त्यांना या प्रसंगाची ओळख पटावी. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उतारा खरा की खोटा हे ताडण्यास आता तलाठ्याची शाई लागत नाही.

तथापि एक शंका नोंदविणे आवश्यक वाटते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मार्ग कलम १५५ ने दिला आहे, व त्यात आदेश आणि नोंद यांचा माग राहतो. मोठ्या प्रमाणावरील संपादनाच्या मोहिमेत सातबाराच्या मजकुरावर थेट हात फिरविला जातो. अशा प्रत्येक फेरबदलाचा स्वतंत्र माग, कोणी, केव्हा, काय होते व काय केले, हा फेरफाराच्या वहीइतक्याच निष्ठेने जपला जावा. कारण शंभर वर्षांनी एखादा वारस किंवा एखादा संशोधक तोच विचारील. तीच गोष्ट आज्ञावलीची. १९०३ पासूनचे नियम व परिपत्रके छापील आहेत, म्हणून आपण १९२० चा फेरफार त्या वेळच्या नियमांनुसार वाचू शकतो. प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती हाही एक नियमच आहे. ती जपली नाही, तर एखादी नोंद त्या वर्षी का अडविली गेली वा का जाऊ दिली, हे पुढे कोणासही सांगता येणार नाही. पुराभिलेखागारांनी या प्रश्नाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे.

जुन्या वहीचे स्तोत्र गाण्याचा येथे हेतू नाही. पेन्सिलीची नोंद वर्षानुवर्षे पेन्सिलीतच राही. मधे कोरी जागा सोडून मागील तारखेची नोंद घालता येई. उतारा मिळावा म्हणून हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या खातेदारांच्या हालांना तर सीमा नव्हती. १९५१ मध्ये कुलकर्णी वतने गेल्यावर त्यांच्याकडील सारे कागद नव्या तलाठ्याच्या हाती सुस्थितीत आले, असेही कोणी म्हणणार नाही. ई-फेरफारमुळे या बहुतेक दोषांना आळा बसला आहे. प्रश्न एवढाच, की प्रणाली वहीचे दोष टाळताना तिचा गुणही टाळते की काय.

आंबेगाव तालुक्याचेच उदाहरण घ्या. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. याच तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळून गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. अशा वेळी घरातील कागद घराबरोबर जातात, आणि मागे राहिलेल्याला आपण कोणाचे कोण हे दप्तरातूनच दाखवावे लागते. वारसाचा एक फेरफार मागच्या फेरफारावर, तो त्याच्या मागच्यावर, असा टेकलेला असतो. बुडालेल्या जमिनीचे तर भूसंपादनानंतर सरकारच्या नावे एकच फेरफार होतो, आणि त्यानंतरचा सातबारा पाहिला तर तेथे पूर्वी कोणी नांगर धरला होता याचा पत्ता लागत नाही. ती नावे, त्यांचे हिस्से, त्यांची गहाणे व वाटण्या, हे सर्व नमुना सहाच्या जुन्या वह्यांत आहे. संगणकात माहिती भरण्यासाठी जेव्हा केवळ चालू सातबारा पुढे ठेवला जातो, तेव्हा भरणाऱ्याला त्या गटावर एकच खातेदार दिसतो, व तो तेवढाच भरतो.